जेवायला कुठे असतोस?

प्रिन्स्टन विद्यापीठात तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांची ओळख करून देताना दोन गोष्टी हमखास सांगतात. विषय कोणता आणि जेवायला कुठे. "ही हिस्टरीची, टेरेसला असते." "हा इकॉनॉमिक्सचा, कॅपमध्ये आहे." मूळ गाव वगैरे नंतर, आणि तेही कोणी विचारलंच तर. मी तिथे पीएचडी करत होते आणि पदवीच्या मुलांचे वर्ग घ्यायचे. ही वाक्यं इतक्यांदा कानावर पडली की पुढे पुढे मीही मुलांची ओळख अशीच करून द्यायला लागले.

वॉशिंग्टन रोड ओलांडून प्रॉस्पेक्ट अव्हेन्यूला लागलं की विटांच्या नि दगडांच्या जुन्या हवेल्या सुरू होतात. पुढे हिरवळ, भलंमोठं दार, आत लाकडी जिना, वाचनाची खोली, बिलियर्डचं टेबल, तळघरात बिअरचे नळ. अशा अकरा. मुलं या रस्त्याला नुसतं 'द स्ट्रीट' म्हणतात. हे प्रिन्स्टनचे ईटिंग क्लब. विद्यापीठाची त्यांच्यावर मालकी नाही, त्यांचा कारभार माजी सभासदांच्या मंडळांकडे असतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षाची साधारण दोन-तृतीयांश मुलं इथे जेवतात आणि वर्षाची वर्गणी दहा हजार डॉलरच्या पुढे जाते. ज्यांना विद्यापीठाची आर्थिक मदत आहे त्यांना तिसऱ्या वर्षापासून जेवणापोटी ती वाढवून मिळते, म्हणजे निव्वळ पैशामुळे कोणी अडू नये अशी सोय केलेली आहे. पण पैसा हा या गोष्टीतला सोपा भाग आहे.

मुळात ही मेस. एकोणिसाव्या शतकात विद्यापीठाच्या खानावळीचे हाल होते, फ्रॅटर्निटींवर, म्हणजे मुलांच्या गुप्त मंडळांवर, बंदी होती, आणि मुलं गावातल्या घरांमधून आपापले गट करून जेवायची. १८७९ मध्ये त्यातल्या एका गटाने स्वतःची जागा घेतली, जेवणाची व्यवस्था लावली आणि नाव ठेवलं आयव्ही. ती मुलं शिकून निघून गेली तरी आयव्ही राहिला, कारण जाताना आपल्या जागी कोण बसणार हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. सगळं रामायण तिथून सुरू होतं. चार मित्र एकत्र जेवतात त्यात कोणाचं काही जात नाही. आपल्यामागून या टेबलावर कोणी जेवायचं, हे ते ठरवायला लागले की मेसचा क्लब होतो.

आजही अकरांपैकी सहा क्लब सभासद निवडून घेतात. या निवडीला बिकर म्हणतात. बाकीच्या बहुतेक क्लबांत नाव नोंदवलं की झालं, आणि नावं जागांपेक्षा जास्त आली तर सोडत. बिकर फेब्रुवारीच्या सुरुवातीला, दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी. कुठे एकामागून एक मुलाखती, कुठे निव्वळ पोरकट खेळ. मग सभासद रात्र रात्र जागून एकेका नावाचा कीस पाडतात आणि मत देतात. घेतलं तर बिड मिळाली म्हणायचं. नाही घेतलं तर पोरगं 'होज' झालं.

त्या आठवड्यात वर्ग घेणं ही शिक्षा असते. माझा वर्ग १८४८ च्या युरोपातल्या क्रांत्यांवर चालला होता आणि समोर एकाच्या कानामागे निळा रंग वाळलेला, एकीचा घसा पार बसलेला, एक जण सकाळी दहा वाजता कोट-टाय घालून आलेला आणि सारखा घड्याळ बघणारा. वाचून कोणीच आलं नव्हतं. पॅरिसमध्ये बॅरिकेड्स कोणी उभारले हे मी विचारत होते आणि त्यांचं सगळं चित्त प्रॉस्पेक्ट अव्हेन्यूवर. मी चिडले नाही, कारण चिडून उपयोग नव्हता. शेवटी बॅरिकेड्सबद्दल मीच बोलले आणि मीच ऐकलं.

पुढच्या आठवड्यात एक मुलगी ऑफिसमध्ये भेटायला आली. हुशार होती, आमच्या वर्गातली चर्चा तिच्या जिवावर चालायची. पेपरला मुदतवाढ हवी होती. मी कारण विचारलं नाही, तरी तिने सांगितलं. तिला ज्या क्लबात जायचं होतं तिथे दहा जणांनी तिच्याशी एकेकटं बसून गप्पा मारल्या होत्या आणि तिला घेतलं नव्हतं. मग ती त्या दहा गप्पा एकेक करून मला सांगायला लागली. पहिला रोइंग करणारा, त्याच्याशी कुत्र्यांविषयी बोलणं झालं, ते छान झालं. तिसऱ्याने विचारलं, जगातल्या कुठल्याही माणसाला जेवायला बोलावता आलं तर कोणाला बोलावशील? तिने आजीचं नाव घेतलं. तो हसला. पण त्याला ते आवडलं म्हणून हसला, की हिला दुसरं कोणी सुचलं नाही म्हणून? सातव्याशी ती बहुतेक जरा जास्त बोलली. आठवी सारखी दाराकडे बघत होती. दहाव्या गप्पांपर्यंत येऊन ती पुन्हा पहिल्याकडे गेली. कुत्र्यांविषयी ती असं काय बोलली होती?

तिची रूममेट मात्र त्याच क्लबात लागली. बिड मिळालेल्यांना न्यायला सभासद खोल्यांवर येतात, आरडाओरडा करत, गाणी म्हणत, दारं वाजवत. त्या दिवशी ही टेबलाशी वाचत बसली होती. पाच-सहा जण आत घुसले, रूममेटला मिठ्या मारल्या आणि त्या भरात एकाने हिलाही मिठी मारून अभिनंदन केलं. मग त्याच्या लक्षात आलं. "सॉरी," म्हणाला. ती मला म्हणाली, "तो खरंच चांगला मुलगा आहे हो. त्यालाच कसंतरी झालं."

मी तिला सांगितलं की वीस वर्षांनी यातलं काही आठवणारही नाही. तिने मान डोलावली. तिशीतली, परदेशातून आलेली, जिला या क्लबात कोणी बोलावण्याचा प्रश्नच नाही अशी बाई दुसरं काय सांगणार, असा त्या मान डोलावण्याचा अर्थ होता आणि तो बरोबर होता. मुदतवाढ दिली.

तिच्या दुःखाचं मला आश्चर्य वाटलं नाही. परीक्षेत नापास झालं तर पेपर तपासून हातात मिळतो. नोकरीत डावललं तर वशिल्यावर खापर फोडता येतं. इथे तपासलेलं काही परत मिळत नाही, आणि तपासलं काय होतं, तर आपण. बोलायला कशी आहे, हसते कशी, हिच्याशेजारी रोज बसवेल का. शिवाय तपासणारे कोणी मोठे लोक नाहीत. वर्षभर पुढे असलेली मुलं, ज्यांच्याबरोबर वाचनालयात रांगेला उभं राहावं लागतं.

याहून मोठी गोष्ट मला हळूहळू कळली. शंभर अर्जांतून चार-पाच मुलं घेणारं हे विद्यापीठ. त्या चार-पाचांत यायला ही पोरं शाळेपासून निवडून येतच वाढलेली असतात: विज्ञानाचं शिबिर, वाद्यवृंद, वादविवादाचा संघ. विद्यापीठाचं पत्र येतं तेव्हा त्यात जे सांगितलेलं असतं त्याचं तात्पर्य एकच, की पुष्कळ आले होते आणि आम्ही तुला घेतलं. त्यानंतर दोनेक वर्षांनी रस्त्यापलीकडचे क्लब तेच वाक्य जरा कमी कागदपत्रांनिशी बोलतात. अध्यापकांच्या खोलीत क्लबांवर तोंडसुख घेणारे पुष्कळ भेटायचे. पण विद्यापीठ जे दिवसभर करतं तेच क्लब संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर करतात, हे म्हणणारं कोणी भेटलं नाही. क्लब ही विद्यापीठाला जडलेली व्याधी आहे असं मानणं सगळ्यांनाच सोयीचं पडतं. मला ते त्याचं धाकटं भावंड वाटतं, चेहरेपट्टी तीच.

क्लब मोडून काढायचा सगळ्यांत मोठा प्रयत्न वुड्रो विल्सनने केला, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष व्हायच्या आधी. १९०२ ते १९१० तो प्रिन्स्टनचा अध्यक्ष होता. १९०५ मध्ये त्याने लहान गटात बसून चर्चा करण्याचे 'प्रीसेप्ट' सुरू केले. मी घ्यायचे ते वर्ग म्हणजे हेच. १९०७ मध्ये त्याने क्वाड प्लॅन मांडला. चारही वर्षांची मुलं काही अध्यापकांसह चौकांभोवतीच्या इमारतींत एकत्र राहतील, एकत्र जेवतील, आणि क्लब एकतर त्यात विरून जातील किंवा बंद होतील. विश्वस्तांनी जूनमध्ये मान डोलावली. उन्हाळ्यात माजी विद्यार्थ्यांनी रान उठवलं. ऑक्टोबरात विश्वस्तांनी मान्यता काढून घेतली. ज्यांची उमेदीची दोन वर्षं त्या टेबलांवर गेली होती ते देणग्यांच्या वह्या हातात धरून उभे राहिले, तिथे बिचारे विश्वस्त काय करणार!

विल्सनचं दुसरं भांडण ग्रॅज्युएट कॉलेज कुठे बांधायचं यावरून. त्याला पीएचडीची मुलं कॅम्पसच्या मधोमध हवी होती, म्हणजे पदवीच्या मुलांना त्यांचा वारा लागेल. डीन अँड्र्यू वेस्टला ती दूर, आपल्या आपण हवी होती. १९१० मध्ये एका मृत्युपत्रातून वेस्टच्या बाजूला मोठी देणगी मिळाली, विल्सन हरला आणि राजकारणात गेला. १९१३ मध्ये कॉलेज उघडलं ते गोल्फच्या मैदानापलीकडे. मी तिथेच राहायचे. विल्सनच्या एका विजयामुळे मला शिकवायचं काम मिळालं होतं आणि त्याच्या एका पराभवामुळे बर्फातून रोजची पायपीट.

येल आणि हार्वर्डने १९३० च्या दशकात एडवर्ड हार्कनेस या धनाढ्य देणगीदाराच्या पैशातून जवळपास विल्सनच्या मनातलीच कॉलेजं उभी केली. प्रिन्स्टनने पहिल्या दोन वर्षांच्या मुलांसाठी पूर्ण व्यवस्था केली ती १९८२ मध्ये, आणि चारही वर्षांच्या मुलांना एकत्र राहता येईल अशी कॉलेजं २००७ मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी. क्लब त्यानंतरही जागच्या जागी आहेत.

हे वाचून विल्सनला हार घालायला निघाल तर थांबा. त्याच्या कारकिर्दीत प्रिन्स्टनमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना घेतलं जात नव्हतं आणि अर्ज करू पाहणाऱ्यांना तो स्वतः परतवत असे. २०२० मध्ये विद्यापीठाने एका कॉलेजावरून आणि सार्वजनिक धोरणाच्या विभागावरून त्याचं नाव उतरवलं ते त्याच्या वंशवादी विचारांमुळेच. त्याला एक पंगत करायची होती हे खरं, पण पंगतीला यायचं कोणी हे आधी दारातच बघून.

दारात काय होत होतं ते ब्रूस राइटच्या गोष्टीत दिसतं. १९३० च्या दशकात या मुलाला प्रिन्स्टनने शिष्यवृत्तीसह प्रवेश दिला होता. तो सामान घेऊन दाखल झाला तेव्हा तिथल्या लोकांच्या लक्षात आलं की तो काळा आहे, आणि त्याला परत पाठवलं. पुढे त्याने खुलासा मागितला तेव्हा प्रवेशाचं काम पाहणाऱ्या डीनने पत्र लिहिलं. ते पत्र उद्धट नाही, हेच त्यातलं भयंकर. विद्यापीठ कोणाशी भेदभाव करत नाही म्हणे. पण इथे दक्षिणेकडची बरीच मुलं आहेत, तुला इथे एकटं पडल्यासारखं होईल, तू सुखी होणार नाहीस, म्हणून तुझ्याच भल्यासाठी सांगतो. राइट पुढे न्यूयॉर्कमध्ये नावाजलेला न्यायाधीश झाला. प्रिन्स्टनच्या २००१ च्या पदवीधर वर्गाने त्याला आपला मानद सहाध्यायी करून घेतलं, तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता.

आजकाल सगळी विद्यापीठं मुलांना इथे आपलं वाटावं म्हणून पत्रकं काढतात, कार्यालयं उघडतात. मला ती पत्रकं वाचताना त्या डीनची आठवण यायची. 'तुला इथे आपलं वाटणार नाही' हे वाक्य हितचिंतकाच्या आवाजात फार सहज बोलता येतं. बिकरच्या रात्री बंद दाराआड हे वाक्य कसं बोललं जातं ते क्लबातल्या एका मुलाने मला सांगितलं होतं. "कोणी कोणाला वाईट म्हणत नाही," तो म्हणाला. "'छान मुलगी आहे, पण तिला आपल्यात मजा येईल का?' असं म्हटलं की काम झालं."

१९५० च्या सुमारास दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी एकदा हट्टच धरला. प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या क्लबाची बिड मिळाली पाहिजे, नाहीतर आम्ही कोणीच जाणार नाही. वीस वर्षांच्या पोरांना सुचलेली ही गोष्ट विल्सनच्या आराखड्यापेक्षा मला जास्त आवडते. काही वर्षं ते चाललंही. १९५८ मध्ये मोडलं. त्या वर्षी २३ मुलं उरली, कोणीच घेईना, आणि त्यातली निम्म्याहून जास्त ज्यू होती. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. 'डर्टी बिकर' हे नाव त्या वर्षाला कायमचं चिकटलं.

बायकांचं प्रकरण कोर्टात गेलं. प्रिन्स्टनने पदवीसाठी मुली घ्यायला सुरुवात केली १९६९ मध्ये. बरेचसे क्लब बदलले, तिघांनी बदलायला नकार दिला: आयव्ही, कॉटेज, टायगर इन. सॅली फ्रँक या विद्यार्थिनीने १९७९ मध्ये तक्रार दाखल केली. तिचं शिक्षण संपलं, ती वकील झाली, कायदा शिकवायला लागली, तरी खटला चालूच. कॉटेजने १९८६ मध्ये माघार घेतली. १९९० मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. क्लबांचं म्हणणं होतं की आम्ही खाजगी आहोत, कोणाला जेवायला बसवायचं हा आमच्या घरचा प्रश्न. न्यायालयाने म्हटलं की विद्यापीठाची मुलं तुम्ही जेवू घालता, विद्यापीठ तुमच्यावर अवलंबून आणि तुम्ही विद्यापीठावर, मग घरचा प्रश्न कसला? आयव्हीने त्याच वर्षी दारं उघडली, टायगर इनने १९९१ मध्ये. अकरा-बारा वर्षं! मधल्या काळात त्या क्लबांत जाऊ शकल्या असत्या अशा मुलींच्या किती तुकड्या पदवी घेऊन गेल्या असतील.

हा निकाल मी दोनदा वाचला, कारण त्यात सगळा जोर जेवणावर आहे. एखादा बुद्धिबळाचा क्लब असता तर त्याने कोणाला घेतलं नाही याची कोर्टाने कदाचित दखलही घेतली नसती. पण रोजचं दोन वेळचं जेवण ही टाळता येण्यासारखी गोष्ट नाही. संध्याकाळी सहा वाजता प्रत्येकाला कुठे ना कुठे जायचंच असतं, आणि कुठे जायचं हे ठरलेलं नसलं तर ते सगळ्यांना दिसतं.

हार्वर्डची तऱ्हा वेगळी. तिथले फायनल क्लब जेवण्यासाठी नाहीतच, ते नुसते असण्यासाठी आहेत. पॉर्सेलियन १७९१ पासूनचा. फ्रँकलिन रूझवेल्टला तिथे घेतलं नाही आणि ते त्याला आयुष्यभर सललं असं त्याच्या नात्यातले सांगत. पुढे चार वेळा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेला माणूस! हार्वर्डने १९८४ मध्ये या क्लबांशी संबंध तोडले, कारण ते बायकांना घेईनात. क्लबांचं काही अडलं नाही, घरं त्यांची आणि पैसाही त्यांचा. २०१६ मध्ये अध्यक्ष ड्रू फॉस्ट यांनी जाहीर केलं की फक्त पुरुषांच्या किंवा फक्त बायकांच्या अशा क्लबांत जाणाऱ्यांना इथून पुढे विद्यार्थी संघटनांची पदं, संघांची कप्तानी आणि र्‍होड्ससारख्या शिष्यवृत्तींसाठी शिफारस मिळणार नाही. झालं भलतंच. जुने पुरुषी क्लब पैशाच्या जोरावर तगून राहिले आणि बायकांच्या काही संघटनांनी गाशा गुंडाळला. खटले झाले. २०२० मध्ये समलिंगी किंवा ट्रान्स म्हणून कर्मचाऱ्याला काढणं हा लिंगभेदच, असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. त्याच न्यायाने हा नियम लिंगभेद ठरेल असं दिसल्यावर हार्वर्डने तो मागे घेतला. कायद्याला कधीकधी फार विनोदी चेहरा असतो.

मला स्वतःला एका क्लबात जेवायचा योग आला. चौथ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने पाहुणी म्हणून नेलं. मी मनात बरीच टीका तयार ठेवून गेले होते आणि ती तशीच परत घेऊन आले, कारण जेवण उत्तम होतं आणि माणसं त्याहून. लांब टेबल, येणाऱ्याने पुढच्या रिकाम्या खुर्चीत बसायचं, शेजारी कोण येईल ते येईल. स्वयंपाकी बाहेर येऊन एका मुलीला म्हणाला, तुझं शेंगदाणे न घातलेलं वेगळं ठेवलंय. माझ्या शेजारच्याने मला प्रबंधाविषयी विचारलं आणि उत्तर खरंच ऐकलं. एवढ्या मोठ्या विद्यापीठात रोज साठ-सत्तर माणसं आपलं नाव घेऊन हाक मारतात, याचं महत्त्व मला सांगायला नको. मी गोल्फच्या मैदानापलीकडे एका खोलीत राहणारी बाई होते. बाहेर ठेवलेल्यांना क्लबात जावंसं वाटतं ते प्रतिष्ठेसाठी, असं मी धरून चालले होते. त्या टेबलावर बसल्यावर वाटलं, निम्म्यांना तरी ती शेजारची खुर्ची हवी असेल. पण ती खुर्ची इतकी प्रेमळ राहावी म्हणून दारात कोणाला तरी अडवायलाच हवं असतं का, हे मला त्या मुलांना विचारता आलं नाही. पाहुण्याने विचारायचा प्रश्न नव्हता तो.

अन्नावरून माणसं जोडणं-तोडणं मराठी माणसाला नवीन नाही, त्यामुळे मला राहून राहून परमहंस सभा आठवायची. १८४९ मधली मुंबईतली ही गुप्त मंडळी, दादोबा पांडुरंगांच्या आसपासची. तिथेही आत घेताना परीक्षा होती आणि तीही जेवणाचीच: ख्रिस्ती भटाऱ्याचा पाव सगळ्यांसमोर खायचा. ज्याच्या हातचं खायचं नाही त्याच्या हातचं खाल्लंस तर तू आमचा. पुढे सभेची कागदपत्रं चोरीला गेली आणि नावं फुटण्याच्या धास्तीने सभा मोडली. पण गुप्त क्लब उलट्या दिशेनेही चालू शकतो, हे त्या लोकांनी करून दाखवलं होतं.

प्रिन्स्टनमध्ये अशी उलटी दिशा सापडते ती को-ऑपमध्ये, म्हणजे मुलांनी मिळून चालवलेल्या मेसमध्ये. २ डिकिन्सन स्ट्रीट हा त्यातला शाकाहारी को-ऑप. नाव म्हणजे नुसता पत्ता. क्लबाच्या वर्गणीच्या मानाने खर्च किरकोळ, आणि अट एकच, आठवड्यातून आपली पाळी आली की सगळ्यांसाठी स्वयंपाक करायचा. त्या पेपरवाल्या मुलीने तिसऱ्या वर्षी तिथे नाव घातलं. तिने बोलावलं म्हणून मी एका संध्याकाळी गेले. स्वयंपाकघरात पन्नास माणसांचा भात एवढ्या मोठ्या पातेल्यात शिजत होता आणि एक उंच मुलगा कांदे चिरता चिरता रडत होता. ही त्याला सुरी कशी धरायची ते दाखवत होती. मसूर खाली लागले होते. कोणीतरी भिंतीवरच्या पाळीच्या तक्त्यावर पेन्सिलने लिहून ठेवलं होतं, 'मागच्या मंगळवारी भांडी कोणी घासली नाहीत ते सगळ्यांना माहीत आहे.' जेवताना एका मुलाशी कोणी फारसं बोलत नव्हतं. तो थोडा तऱ्हेवाईक आहे, तिने मला नंतर सांगितलं, पण गुरुवारी पाव तो भाजतो. बिकरमध्ये त्याच्या नावावर किती वेळ चर्चा झाली असती याची मी कल्पना करू शकत होते. इथे गुरुवार त्याचा आहे म्हटल्यावर चर्चेला जागाच नव्हती.

को-ऑप म्हणजे स्वर्ग असं मात्र नाही. जागा थोड्या आणि नावं पुष्कळ, त्यामुळे तिथेही प्रतीक्षायादी. फक्त यादीत खाली असलेल्याला कोणी त्याच्या हसण्यावरून खाली ठेवलेलं नसतं.

तिची नि रूममेटची मैत्री टिकली होती. क्लबात जेवणारा आणि बाहेर जेवणारा यांनी एकमेकांकडे जेवून महिन्याअखेर हिशेब चुकता करायचा, अशी जेवणाच्या देवाणघेवाणीची एक सोय प्रिन्स्टनमध्ये आहे. को-ऑप त्या अधिकृत हिशेबात बसत नव्हता, म्हणून या दोघींनी आपली वही ठेवली होती. हिच्याकडे रूममेटची तीन जेवणं निघत होती. "ती येत नाही," ही म्हणाली, "तिला भांडी घासायचा कंटाळा."

निघताना मी तिला विचारलं, आता वाटतं का, त्यांनी घेतलं नाही ते बरंच झालं? तिने जरा विचार केला. "नाही," म्हणाली. "घेतलं असतं तर गेले असते. आजही बोलावलं तर बहुतेक जाईन. आणि मग बिकरला मीही बसले असते, कोणाच्या तरी नावावर म्हटलं असतं की छान आहे, पण." पुढचं वाक्य तिने पुरं केलं नाही, आम्ही दोघी हसलो.

मग तिने बॅगेतून लॅपटॉप काढला. लॉ स्कूलसाठी शिफारसपत्र हवं होतं, पंधरा डिसेंबरच्या आत. मी आनंदाने हो म्हटलं. घरी येऊन फॉर्म उघडला. पत्र जोडायच्या आधी एक तक्ता भरायचा होता: आपण आजवर शिकवलेल्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत ही विद्यार्थिनी वरच्या किती टक्क्यांत येते? पाच, दहा, पंचवीस, पन्नास. मी पाचवर खूण केली आणि पुढचं पान उघडलं.